खोक्यातला उजेड

विश्वाची उत्पत्ती उजेडातून झाली, याबद्दल माझी पक्की खात्री आहे. आमच्या काळेवाडीच्या खोलीत ती चाळीस वॅटच्या बल्बमधून व्हायची होती.

खोक्यात जाळी, जाळीवर लावा पक्ष्याची बारा ठिपकेदार अंडी, जाळीखाली बल्ब. कंपनीत तीस वर्षं मापं तपासली, त्या सवयीने दर शिफ्टला मी तापमान वहीत लिहीत होतो. "एकदा गार पडली की संपलं," असं, ज्यांच्याकडून अंडी आणली त्या हरिहररावांनी बजावलं होतं. सतरा दिवस पारा रेषभर हलला नाही.

अठराव्या सकाळी कवचं तडकली. दुपारपर्यंत अंगठ्याएवढी बारा पिल्लं अंग सुकवून उभी राहिली. मी बायकोला, पद्मजाला, हाक मारली.

"जगली हो!" ती म्हणाली. "मला आपली धाकधूकच होती."

"कसली?"

"सोमवारी मोरीतला बल्ब गेला. तुमचा काढून तिकडे लावला, आणि सांगायचं राहिलंच."

आज शुक्रवार होता. मी खालचं फळकूट सरकवलं. होल्डर रिकामा होता. त्यात कोळ्याने जाळं विणलं होतं.

उजेड मात्र होता. पिवळा, उबदार. पिल्लं एकदम गप्प झाली आणि माना वळवून त्याच्याकडे बघू लागली, आईकडे बघावं तशी. मग तो उजेड सावकाश कोपऱ्याकडे सरकला, आणि बाराही जणं त्याच्यामागून लटपटत निघाली.

माझे हात आपोआप जोडले गेले.

"अहो," पद्मजा हळूच म्हणाली, "त्यांना विचारा ना, जरा मोरीकडे येतील का? तिथला बल्ब काल पुन्हा गेलाय."