पाटीची फाइल

लेझर कटिंगवाल्याचं गिऱ्हाइकांना एकच पालुपद असायचं, "फोटो पाठवू नका. फोटोत नुसते ठिपके असतात, मशीनला कापायला रेघ लागते. एसव्हीजी पाठवा." स्वतःच्याच नव्या घराच्या दारावर लावायच्या पाटीचं डिझाइन त्याच्या बायकोने मोठ्या हौसेने केलं, दोघांची नावं घातली आणि पाठवलं ते जेपीजी, म्हणजे फोटोच. त्याने तिलाही तेच ऐकवलं.

पाचच मिनिटांत एसव्हीजी हजर! गडी खूश झाला, पण फाइल काही केल्या उघडेना. बघतो तर काय, बाईसाहेबांनी फाइलच्या नावातलं 'जेपीजी' पुसून तिथे 'एसव्हीजी' लिहिलं होतं, बस्स.

हसू दाबत त्याने फोन लावला आणि आवाजात जमेल तेवढा शहाणपणा आणला. "अगं, नुसतं नाव बदलून काय होतंय? आत जे होतं, ते तसंच राहतं ना!"

पलीकडून बायकोचं उत्तर आलं.

"अगदी पटलं बघ. मग थांब, पाटीवर माझं माहेरचं नाव घालून पुन्हा पाठवते."