घोडेस्वाराचं धनुष्य

मेहरूणला युवराजच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही दर रविवारी राक्षस मारतो. म्हणजे खेळात एकेक पात्र घेऊन फासे टाकतो, आणि युवराज नियमांचं जाडजूड पुस्तक बघून निकाल देतो. गेले तीन रविवार राक्षस मजेत आहे, कारण प्रशीलच्या घोडेस्वाराला धनुष्य कोणतं द्यायचं हेच ठरत नाही. प्रशीलने घोडा पाहिलाय तो फक्त वरातीत, तोही लांबून. पण या विषयावर त्याचे चाळीस व्हिडिओ बघून झालेत. शेवटी आज त्याने पुस्तकातलं सगळ्यात लांब, पुरुषभर उंचीचं धनुष्य निवडलं.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा चैत्राम आमच्यात नवीनच. खेळात त्याच्या वाट्याला वैद्य आलाय. तो हळूच म्हणाला, "प्रशीलभाऊ, एवढं लांब उभ्याने चालवायचं असतं. घोड्यावर बसलं की खालचं टोक मांडीला अडकेल. आखूड घ्या."

"थांब," युवराजने हात वर केला. "तू वैद्य आहेस. वैद्याला धनुष्यातलं कळतं की नाही, ते फासा ठरवणार. नियम म्हणजे नियम."

चैत्रामने निमूटपणे फासा टाकला. वीस बाजूंच्या फाशावर आले फक्त दोन.

 

भिंतीवर शोभेला बांबूचं धनुष्य टांगलंय, चैत्रामनेच स्वतः बनवून युवराजला वाढदिवसाला दिलेलं. त्या धनुष्याच्याच खाली बसून युवराजने निकाल दिला, "सॉरी चैत्राम, तुला धनुष्यातलं काहीही कळत नाही."