न हलणारं टेबल

सिरेली दारातच मांडी घालून बसला आणि कागदात गुंडाळलेली यांगोनाची मुळी त्यानं चटईवर ठेवली, तेव्हा इसिकेली टेबलाचा शेवटचा बोल्ट आवळत होता. मुळी पाहून त्याचा पाना जागीच थांबला. मानाचं पेय करतात ती ही मुळी घेऊन कुणी दारात बसला की घरातलं काहीतरी जाणार, हे ठरलेलं. आपल्या माणसानं रीतीनं मागितलं की नाही म्हणायचं नाही, आणि दिलेलं परत मागायचं नाही. केरेकेरे म्हणतात त्याला. त्यात वार शनिवार आणि सिरेलीच्या अंगात सदरा रविवारचा, चर्चला जायचा.

इसिकेलीची आधीची तिन्ही टेबलं अशीच गेली होती. पहिलं बायकोच्या मावशीकडं मयताच्या जेवणाला म्हणून गेलं आणि तिथंच रमलं. दुसऱ्यावर आता चर्चचं गायनमंडळ चहा पितं. तिसरं कुणी नेलं ते इसिकेलीला आठवत नव्हतं, नेणाऱ्यालाही आठवत नसावं. त्याची मुलगी केलेरा यंदा शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती आणि चटईवर पालथी पडून अभ्यास करत होती. कोंबड्या तिच्या गणितावरून जा-ये करत.

म्हणून या खेपेला टेबल असं करायचं ठरलं की ते हलूच नये. कल्पना सिरेलीचीच. सिरेली म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फणसाच्या झाडांपलीकडं छोट्या घरात एकटा राहायचा आणि जेवायला मात्र बहिणीकडं यायचा. "दाजी," तो म्हणाला होता, "मागणाऱ्याला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. पण टेबलच नाही म्हणालं तर?"

इसिकेलीला हे इतकं पटलं की बस चालवतानाही तो मनात फळ्या कापू लागला. लाकूड वेसीचं आणलं. दोन करवतींनी त्याच्यापुढं हात टेकले. गेल्या वादळात घर जरासं कललं होतं, त्यामुळं खोलीचा कोपरा काटकोनात नव्हता. मग गुण्या बाजूला ठेवून दोघांनी घराच्या मर्जीनं फळ्या कापल्या. पाय जमिनीत गाडून काँक्रीट ओतलं. मागची तुळई घराच्या खांबांना आरपार बोल्टांनी जखडली. सिरेली आणखी जाड फळी घ्या म्हणून मागं लागला. यावर वही ठेवायची आहे, डुक्कर कापायचं नाही, असं इसिकेलीनं त्याला सुनावलं. त्यावर, पोरीचा अभ्यास जड असतो, असं त्याचं उत्तर. दर सुट्टीला ठोकाठोक चाले. केलेरा पुस्तकं घेऊन चर्चच्या पायरीवर जाऊन बसे. थोडं सोस, तुझ्यासाठीच चाललंय, असं बाप तिला हातोडी न थांबवता सांगे.

तर आता दारात मुळी होती. इसिकेलीनं एकदा टेबलाकडं पाहिलं आणि त्याला हसू आलं. यंदा भ्यायचं कारणच नव्हतं. माग बाबा, तो म्हणाला, उपटून नेता येत असेल तर खुशाल ने.

सिरेलीनं मान खाली घातली. "टेबल नको, दाजी. ते आहे तिथंच राहू दे. ही खोली द्या. बोटींची इंजिनं दुरुस्तीला घेतोय, राहीनही इथंच. एवढं दणकट बाकडं अख्ख्या किनाऱ्यावर दुसरं नाही."

इसिकेलीनं त्या जाड फळीवरून हात फिरवला. पोरीचा अभ्यास एवढा जड का होता, ते त्याला आत्ता कळलं. काँक्रीटच्या बादल्या त्यानं स्वतः वाहिल्या होत्या. सिरेली कडेला उभा राहून, शाब्बास दाजी, म्हणत होता. पण मुळी समोर होती. इसिकेलीनं तिला हात लावला, रीतीप्रमाणं पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खोली दिली.

दुपारी टेबलावर इंजिन चढलं. चार माणसांना उचलायला जड जाणारं ते धूड टेबलानं झेललं, आणि जरासुद्धा कुरकुरलं नाही. इसिकेलीला त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी नारळाच्या दुधातली मासळी झाली. इसिकेली पायरीवर पाठ करून बसला, जेवला नाही. मेहुण्यानं त्याचाही वाटा संपवला. तेवढ्यात केलेरा आतून आली. तिनं केस विंचरले होते. ती मामासमोर मांडी घालून बसली आणि तिनं चटईवर मुळी ठेवली.

सिरेलीचा घास हातातच राहिला. इतरांना एखादवेळ सबब सांगून टाळता येतं, भाचीला मात्र रीतीनं मामा नाही म्हणूच शकत नाही. इसिकेली पायरीवरून वळला. माग पोरी, तो मनात म्हणाला, खोली माग. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला भूक लागली.

"मामा, तुझं घर दे मला," केलेरा म्हणाली. "आता रिकामंच राहणार ते. तिकडं ठोकाठोक नसते."

सिरेलीनं मुळीला हात लावला आणि टाळ्या वाजवल्या.

ती लगेच चटई गुंडाळू लागली. इसिकेली तिच्यामागं दारापर्यंत गेला. "आणि टेबल?" त्यानं विचारलं. "तुझ्यासाठी केलं होतं मी."

केलेरानं चटई काखेत मारली, वर पुस्तकं घेतली. "उचलता आलं असतं तर नेलं असतं, बाबा."