रिकामे खिसे

अणुभट्टीला थंड पाणी पुरवणारा पंप गळायला लागला, तेव्हा उभ्या नोकरीत पहिल्यांदाच फोरमनला बिघाडाचा आनंद झाला. ज्या फिटर जावयानं लग्नापासून लेकीचं तोंडही पाहू दिलं नव्हतं, त्यालाच त्यानं दुरुस्तीसाठी निवडलं.

“खिसे रिकामे करा, जावईबापू. उघड्या पंपात टाचणी पडली, तरी पंप गेलाच म्हणून समजा.”

जावयानं अंगठी, घड्याळ, कंगवा काढून दिला. किल्लीवर मात्र हात अडला.

“मामा, ही राहू द्या की. घराची आहे.”

“नियम म्हणजे नियम. तुमच्या घरात नाहीत का?”

जावई किल्ली देऊन आत गेला. दुपार कलल्यावर घामाघूम होऊन बाहेर आला, तेव्हा फोरमननं एकेक वस्तू परत केली. किल्ली सगळ्यात शेवटी.

“तुमच्या सासूबाई ही घेऊन तुमच्या घरी जाऊन आल्या,” तो शांतपणे म्हणाला. “लेक आता आमच्याकडे आहे. कुलूप मात्र तुमच्या रोजच्या रिवाजाप्रमाणे बाहेरूनच लावून घेतलंय.”