खिडकीजवळचा पाहुणा

"त्याला उठव, नाहीतर मी उठवतो," धाकटा म्हणाला.

"बसू दे रे," थोरला म्हणाला. "खुर्ची काय झिजत नाही."

खुर्ची झिजत नव्हती, गिऱ्हाईक झिजत होतं. बेकरीत ऐन गर्दीची वेळ होती. खिडकीजवळच्या टेबलाशी, रस्त्यावरून सगळ्यात आधी नजरेत भरेल अशा जागी, फुटपाथवर राहणारा तो माणूस गरम दुधाचा पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याच्या भोकं पडलेल्या स्वेटरचा वास ताज्या पावाच्या वासाला पुरून उरत होता. दारात आलेल्या दोन बायकांनी आत डोकावलं, एकमेकींकडे पाहिलं आणि समोरच्या दुकानाची वाट धरली.

धाकट्याने त्याचं नाव पाहुणा ठेवलं होतं. ठेवलं चिडून, पण चिकटलं.

दुकान दोघा भावांचं, निम्मं निम्मं, बाबांनी उभं केलेलं. थोरला गल्ल्यावर, धाकटा मागे भट्टीवर. थोरल्याची जीभ लोण्याची आणि धाकट्याचे हात पिठाचे, धंद्याला दोन्ही लागतात, असं बाबा म्हणायचे. धाकट्याला भट्टीपलीकडे काही येत नव्हतं आणि यावं असं वाटतही नव्हतं. मागे एकदा थोरल्याने त्याचा वाटा विकत मागितला होता. "भट्टी थंड पडली की घे," असं धाकटा हसत म्हणाला. थोरलाही हसला. विषय तिथेच मिटला.

"दादा, निदान मागे बसव त्याला. भट्टीपाशी ऊब आहे. माझ्या डब्यातलं जेवेल माझ्याबरोबर."

"मागच्या दाराने माणुसकी करायची नसते," थोरला गल्ल्यामागून म्हणाला. "माणूस आहे तो. पिठाचं पोतं नाही, मागे नेऊन टाकायला."

दोन गिऱ्हाइकांनी हे ऐकलं आणि धाकट्याकडे असं पाहिलं, की त्याने गुपचूप जाऊन पीठ मळायला घेतलं. चांगुलपणाशी भांडायला जाणारा माणूस आरशातही वाईटच दिसतो.

बरं, थोरल्याचा चांगुलपणा शिस्तीचा. सकाळची गर्दी जमली की तो स्वतः बाहेर जाऊन पाहुण्याला हाताला धरून आत आणायचा. दुपारी दुकान ओस पडलं की "जा बाबा, जरा पाय मोकळे कर" म्हणून बाहेर. त्याच खिडकीत वर्षानुवर्षं पेपर वाचणाऱ्या शिक्षिकाबाईंनी आधी टेबल बदललं, मग दुकान बदललं. संध्याकाळी भरलेले ट्रे तसेच मागे यायला लागले.

"तुमच्या दादांना संत व्हायचंय," धाकट्याची बायको म्हणाली, "आणि उपास आपल्याला घडतायत."

थंडी वाढली. एका पहाटे धाकटा भट्टी पेटवायला आला, तर पाहुणा दुकानाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून मुटकुळं करून पडलेला.

"इथे रे काय?"

"तुमची भिंत गरम असते, मालक. सकाळपर्यंत पुरते." तो उठून बसला. "तेवढ्यावर तर राग नाही ना?"

धाकट्याने भिंतीला हात लावून पाहिला. आपण इतके दिवस ज्याला हाकलायला निघालो, तो आपल्याच भट्टीवर हिवाळा काढतोय. त्याने पाहुण्याला आत घेतलं, पहिला पाव त्याच्या हातात ठेवला आणि खुंटीवरचा बाबांचा कोट काढला. लोकरीचा, जड, बाबा गेल्यापासून कुणी अंगाला न लावलेला.

"हा घाल. तो स्वेटर टाकून दे. आणि मागे गरम पाणी असतं, अंघोळ करत जा."

पाहुणा बराच वेळ कोटावरून हात फिरवत राहिला. "थोरल्या मालकांना विचारतो," तो म्हणाला.

"कोट माझ्या बापाचा. त्यांना काय विचारायचंय?"

थोरल्याला कळलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. त्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाबांनीही हेच केलं असतं."

दुसऱ्या दिवशी पाहुणा खिडकीत, अंगात तोच स्वेटर.

"कोट कुठाय?"

"ठेवलाय, मालक."

"कुठे?"

पाहुण्याने गल्ल्याकडे पाहिलं, मग दुधात पाहिलं. "ठेवलाय."

पुढचे काही दिवस हाडं गोठवणारे गेले. पाहुणा कुडकुडत यायचा, स्वेटर तोच, वास तोच. धाकट्याला जे समजायचं ते समजलं.

"विकला त्याने. बाबांचा कोट विकला, दादा."

थोरल्याने सुस्कारा सोडला. "दिलेल्या वस्तूचा हिशेब मागू नये रे."

"मी त्याला आज बाहेर काढणार."

"मग आधी मला काढ."

गिऱ्हाईक तुटलं तेव्हा धाकटा तुटला नव्हता. कोटाने तुटला. सख्ख्या भावाला आपल्यापेक्षा तो दारुडा जवळचा, असं त्याच्या मनाने घेतलं. पाहुण्याला कुणी कधी प्यायलेला पाहिला नव्हता, पण चिडलेल्या माणसाला पुरावा कशाला हवा?

"तुला पटत नाही, मला सोडवत नाही," थोरला जड आवाजात म्हणाला. "एका छताखाली कुढण्यापेक्षा हसत वेगळे होऊ."

कागद लगेच तयार झाले. बसलेल्या दुकानाच्या निम्म्या वाट्याला किंमत ती काय येणार, आणि भावाशी घासाघीस कोण करणार. धाकट्याने सही केली. थोरला रडला, आणि त्याला रडताना पाहून धाकटाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपली हत्यारं न्यायला आला. दारावर नवी पाटी होती: 'बसण्याची जागा फक्त ग्राहकांसाठी'. खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं, आणि थोरला शिक्षिकाबाईंसाठी खुर्ची मागे ओढत होता.

बाहेर पायरीच्या कडेला पाहुणा उभा होता. दाढी केलेली, केस ओले, अंगात बाबांचा कोट. धाकट्याला पाहून त्याने कॉलर सरळ केली.

"शोभतो ना, धाकटे मालक?" तो लाजत म्हणाला. "थोरल्या मालकांनी काल संध्याकाळी कपाटातून काढून दिला. धाकट्याची सही होईपर्यंत अंघोळही करायची नाही आणि कोटही घालायचा नाही, असं सांगितलं होतं त्यांनी."