कोमट नळी

कॅन्सर लवकर ओळखणाऱ्या रक्ततपासणीसाठी तिने दादाला भंडावून सोडलं होतं. शेवटी तो तिच्या लॅबमध्ये आला, पण अट घालूनच. "रिपोर्ट चांगला आला, तर पुन्हा या विषयाचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फ्रीजमधून नमुने बाहेर काढले. सगळ्या नळ्या गार होत्या. दादाची कोमट होती.

अशी नळी तिने आधी एकदाच पाहिली होती, एका शिंपीणबाईंची. त्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला होता. वर्षाच्या आत बाई गेल्या.

तिने दादाची नळी बर्फात खुपसली. थोड्या वेळाने पाहते तो नळीभोवतीचा बर्फ वितळून वाटीएवढा खड्डा पडलेला.

"काय गं, नळीला ताप आलाय?" लॅबचे डॉक्टर हसले.

मशीनने निर्वाळा दिला, दोष नाही. तिने तपासणी पुन्हा लावली. पुन्हा तेच.

दुपारी दादाने रिपोर्ट वाचला आणि त्याची गुंडाळी करून तिच्याच डोक्यावर मारली. "घे! उगाच जिवाला घोर."

"दादा, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवू या ना."

"का? कारण सांग."

नळी कोमट होती, हे विज्ञान शिकलेल्या मुलीने कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मग झालं तर. शब्द म्हणजे शब्द." त्याने हात पुढे केला. तिने नाइलाजाने तो हातात घेतला.

भर उन्हातून चालत आल्यामुळे त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. हात मात्र गार होता, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यासारखा.