नमुन्याचा संसार

“आज उशीर झाला?” तिने विचारलं आणि रिकाम्या किटलीतून रिकाम्या कपात चहा ओतला.

“रस्त्यात गर्दी होती,” तो म्हणाला आणि फुंकर घालून प्यायला.

रस्ता वगैरे काही नव्हता. तो सकाळपासून याच इमारतीत होता, मागच्या गोदामात कपाटं जोडत. हे फर्निचरचं भलंमोठं दुकान. तीन-तीन भिंती उभ्या करून आत एकेक घर मांडलेलं. चौथ्या भिंतीच्या जागी जाड दोरी आणि दोरीपलीकडे गिऱ्हाइकं. एकदा ती त्याचा डबा घेऊन आली, दोघं तिथल्या सोफ्यावर जरा टेकले आणि नेमकं मॅनेजरने पाहिलं. आता खरडपट्टी निघणार म्हणून हा ताडकन उठला. पण मॅनेजर खूश. रिकाम्या घरापेक्षा राहतं घर बरं दिसतं, म्हणाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघांनी तिथे बसायचं, गोडगोड बोलायचं आणि गिऱ्हाइकाकडे अजिबात बघायचं नाही, असं ठरलं. गोदामातली मंडळी त्यांना राजाराणी म्हणू लागली.

खरं सांगायचं तर ते घर होतंच तसं. खिडकी खोटी, पण तिच्यामागे पिवळा दिवा, त्यामुळे तिथलं कलतं ऊन कधी मावळतच नसे. परडीतली सफरचंदं प्लास्टरची, नळाला पाणी नाही, पुस्तकं म्हणजे नुसते पुठ्ठे. पण त्या उजेडात बसलं की दोघांनाही कंठ फुटायचा. बोलता बोलता तिने या घराला गच्ची जोडली. त्याने गच्चीवर झोपाळा टांगला. वरच्या मजल्यावर बासरी शिकणारे एक आजोबा राहायला आले. आजोबांना काही केल्या सूर सापडत नसे आणि हे दोघं, जिथे मजलाच नव्हता तिथे, छताकडे कान लावून हसत बसायचे. तिला कधी कधी वाटायचं, हे घर कुठेतरी असणारच. आपल्याला फक्त पत्ता माहीत नाही.

ते खरोखर राहायचे त्या भाड्याच्या खोलीत मात्र सगळं उलटं. तिथे तो यायचा, जेवायचा, आडवा व्हायचा. ती भरल्या घरातून आलेली, चुलत भावंडांच्या गलक्यात वाढलेली. इथे दिवसभर बोलायला भिंती. संसाराची खोकी अजून बांधलेलीच होती. उघडायला हातच होत नव्हता. शेवटी तिने सांगून टाकलं, थोडे दिवस आईकडे जाते. असले थोडे दिवस किती लांबतात ते दोघांनाही कळत होतं. तो नुसतं ‘बरं’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तिचं तिकीट काढून घेऊन आला. शहाणाच म्हणायचा! गाडी उद्या सकाळची होती.

तर आजही ते बसले होते. पिवळं ऊन तसंच कललेलं. दोरीपलीकडे एक म्हातारं जोडपं येऊन उभं राहिलं होतं. त्यातल्या आजोबांनी हुशारी दाखवत टेबलाचा पाय वाकून पाहिला. इकडे रोजच्या सवयीने नवऱ्याने तिला रोजचाच प्रश्न विचारला, उद्या संध्याकाळचा काय बेत?

विचारून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं.

तिने किटली खाली ठेवली. उद्या संध्याकाळी मी नाहीये, म्हणाली. त्यावर याच्या तोंडून पुन्हा तेच निघालं, ‘बरं’. मग मात्र तिचा बांध फुटला.

“बरं काय? तिकीट काढून आणलंस. एकदा, एकदा तरी ‘थांब’ म्हणाला असतास!”

तो उभा राहिला. गिऱ्हाइकं, मॅनेजर, सगळं विसरला.

“कोणत्या तोंडाने म्हणू? दिवसभर लोकांची घरं जोडतो आणि तुला त्या खोलीत भिंतीकडे बघत बसवतो. लाज वाटते मला ‘थांब’ म्हणायची.” त्याने सोफ्यावर हात आपटला. “तू गेलीस ना, की मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. इथेच झोपेन, या गादीवर. हाकलू देत मला.”

स्वतःच्या मनातलं एवढं तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल. ती बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

मॅनेजर धावत आला. चेहऱ्यावर ओढून आणलेलं हसू. त्याने म्हाताऱ्या जोडप्याची माफी मागितली, पुढे याहून झकास घरं आहेत, चला दाखवतो, म्हणाला. आजीबाई जागच्या हलल्या नाहीत. आम्हाला हेच हवं, त्या म्हणाल्या. मॅनेजरने विचारलं, सोफा की टेबल? सगळंच, आजीबाई म्हणाल्या, आणि ती खिडकीसुद्धा. इतकी घरं पाहिली, नुसती मांडलेली. कुणीतरी राहतंय असं याच घरात वाटलं.

मॅनेजरला असल्या भाग्याची सवय नव्हती. आजोबा-आजींना कचेरीत बसवून तो हात चोळत परत आला आणि राजाराणीला म्हणाला, उद्यापासून रोज असंच भांडायचं, वेळेवर या.

नवरा मान खाली घालून उभा. ती उद्या जाणार हे साहेबांना कसं सांगावं ते त्याला सुचेना. तोच ती म्हणाली, “उद्या नाही जमायचं, साहेब.”

मॅनेजरने कपाळाला आठ्या घालून कारण विचारलं.

तिने पदराने नाक पुसलं. “उद्या खोकी उघडून आमच्या घराला पडदे लावायचेत.”